वेताळ कोणत्या घराण्याचा?



कामगार चळवळीतल्या माणसाने बोलायचे तर बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे, फार तर कापसाच्या भावावर बोलावे, असा एक रूढ समज आहे. चित्रकथेतल्या वेताळावर त्याने तासभर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आजचा विषय मी मुद्दाम मागून घेतला आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे सगळे वाचनालयात आणि गिरणीच्या फाटकावर झाले. त्या शिक्षणाने एक गोष्ट पक्की शिकवली, ती अशी की 'सातत्य' हा शब्द दिसायला साधा असला, तरी त्याचा अर्थ कोण ठरवतो यावर माणसाच्या पदरात काय पडणार हे ठरते. कामगाराच्या सेवेला हे जितके लागू आहे, तितकेच कथेलाही लागू आहे, असे मला दाखवायचे आहे.

प्रथम प्रश्न काय आहे तो मांडतो. एखादी चित्रकथा लोकप्रिय झाली की तिला फुटवे फुटतात. त्याच नायकावर दुसरा कोणी नवी मालिका काढतो, तिसरा सिनेमा काढतो, आणि चौथा त्या नायकाचा नातू किंवा पणतू घेऊन पुढच्या शतकातली गोष्ट सांगतो. मग वाचक विचारतो: ही गोष्ट मूळ गोष्टीच्या पुढची आहे काय? मूळ गोष्टीत जे घडले ते या गोष्टीत घडलेले आहे असे धरायचे, की ही स्वतंत्र चूल आहे? एका कथेतल्या घटनांनी दुसऱ्या कथेतल्या घटना बांधल्या जातात, तेव्हा त्या दोन्ही कथा एका सातत्यात आहेत असे आपण म्हणतो. तिथे मेला तो इथे जिवंत दिसता कामा नये, आणि तिथे लग्न झाले तो इथे ब्रह्मचारी असता कामा नये.

हा प्रश्न परदेशातला आणि आजकालचा आहे असे कोणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणारचे उदाहरण घ्या. लोणारची कथा सांगते की येथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला मारले. त्या दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर लोणारात उभे आहे, ते तुम्ही पाहिले असेल. आता वाल्मीकि रामायणाचे उत्तरकांड उघडा. तेथेही लवणासुर आहे, पण तो मधुपुरीचा, म्हणजे मथुरेकडचा. आणि त्याला मारतो शत्रुघ्न. नाव एक, मरण दोन, मारणारे दोन आणि गावेही दोन. मग लोणारचा लवण उत्तरकांडातला धरावा काय? धरता येत नाही. एकच असुर दोन ठिकाणी दोघांच्या हातून मरत नाही. लोणारची कथा ही आपली स्वतंत्र कथा आहे. तिने नाव तेच वापरले म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि ती आपल्या गावची म्हणून रामायणातही बसत नाही. सरोवर उल्कापाताने झाले हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, ती तर तिसरीच हकीगत. तिन्ही माहीत असणारा माणूस शहाणा. तिन्हींची खिचडी करणारा मात्र तिन्हींना मुकतो.

आता वेताळाकडे वळू. माझ्या वयाच्या मंडळींना सांगायला नकोच, पण पुढे बसलेल्या मुलांसाठी सांगतो. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात 'फँटम' ही चित्रमालिका सुरू केली. त्याआधी १९३४ मध्ये त्याने 'मँड्रेक' हा जादूगार निर्माण केला होता. फँटमची हकीगत अशी: इ. स. १५३६ मध्ये चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून एकच तरुण वाचून किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढू. तेव्हापासून बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. जंगलातले लोक समजतात की हा एकच अमर पुरुष आहे. प्रत्यक्षात ही पिढ्यांची रांग आहे, आणि आपण ज्याला ओळखतो तो एकविसावा. त्याच्या अंगात दैवी शक्ती काही नाही. बुद्धी, कसरत आणि लोकांचा विश्वास एवढेच त्याचे भांडवल.

टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' काढली आणि तीत हा फँटम आला. मराठीत त्याचा झाला 'वेताळ'. हे नामकरण ज्या कोणी केले त्याला माझा नमस्कार. इंग्रजीत तो नुसता चालते-बोलते भूत होता. महाराष्ट्रात मात्र वेताळ म्हणजे भुतांचा राजा. पुष्कळ गावांच्या शिवेवर त्याचा शेंदूर फासलेला दगड असतो, आणि तो गावाची राखण करतो असे लोक मानतात. विक्रमाच्या पाठीवर बसून प्रश्न घालणारा वेताळही आपल्याच परिचयाचा. एका शब्दाने परदेशी नायकाला गावची वेस मिळाली! त्या भाषांतरकाराचे नाव आम्हा पोरांना कधी कळले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

या वेताळाला पुढे फुटवे फुटले. त्यांतले दोन आज आपण तपासू. पहिला १९८६ चा, 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ'. ही दूरचित्रवाणीची मालिका, आणि १९८७ मध्ये मार्व्हल कंपनीने तिच्यावर चार अंकांची चित्रकथाही काढली. यात २०१५ सालातला वेताळ आहे, मँड्रेक आहे, त्याचा सोबती लोथार आहे आणि फ्लॅश गॉर्डनही आहे. दुसरा फुटवा १९९४ चा, 'फँटम २०४०'. ही दूरचित्रवाणीची मालिका. तिच्यावरही मार्व्हलने १९९५ मध्ये चार अंक काढले. दोन्हींवर मूळ मालिकेच्या मालकाची, म्हणजे किंग फीचर्स या संस्थेची संमती आहे. मग या दोन्ही कथा फॉकच्या वेताळाच्या पुढच्या म्हणायच्या काय?

येथे मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्या भागात एक सरकीच्या तेलाची गिरणी होती. नाव घेत नाही. दर दोन-तीन वर्षांनी तिच्या फाटकावर नवी पाटी लागायची. घाणे तेच, शेड तीच, मुकादम तोच आणि भोंगाही तोच. पण कामगाराने सेवेची वर्षे मोजायला घेतली की कचेरीतून उत्तर यायचे: "तुम्ही आमच्याकडे मागच्या दिवाळीपासून. आधीची कंपनी वेगळी." तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्याच्या कलम २५-ब मध्ये सलग सेवेची व्याख्या होती: बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की वर्षाची सलग सेवा धरायची. आम्ही पाटीवर वाद घातलाच नाही. जुनी हजेरीपत्रके, पगाराच्या चिठ्ठ्या आणि वजनकाट्याच्या वह्या गोळा केल्या, आणि कोणत्या माणसाने कोणत्या घाण्यावर किती दिवस काम केले ते दाखवले. शेवटी तडजोडीत मागची वर्षे धरली गेली. तात्पर्य, पाटी हा पुरावा सगळ्यांत कच्चा. हजेरीपट हा पक्का.

हीच रीत चित्रकथेला लावून पाहा. मी चार कसोट्या मानतो.

पहिली कसोटी पाटीची: वर नाव कोणाचे आणि संमती कोणाची. ही लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही. दुसरी हजेरीपटाची: कोण कोणत्या काळात हजर होता आणि कितव्या पिढीचा होता. तिसरी नियमांची: त्या जगात काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही. चौथी मान्यतेची. युनियन स्वतःला कामगारांची म्हणवते, तेवढ्याने ती मान्यताप्राप्त होत नाही. तसा फुटवा स्वतःला मुळाचा म्हणवतो, पण मूळ त्याला ओळखते काय, हे पाहावे लागते.

आता 'डिफेंडर्स' हजेरीला उभी करू. तिच्यातला वेताळ स्वतःला सत्ताविसावा म्हणवतो. फॉकच्या मालिकेत एकविसाव्या वेताळाचे डायनाशी लग्न १९७७ मध्ये झाले, १९७९ मध्ये त्यांना किट आणि हेलॉइज ही जुळी मुले झाली. म्हणजे बाविसावा १९७९ मध्ये पाळण्यात होता. त्यानंतर ३६ वर्षांनी, २०१५ मध्ये, सत्ताविसावा कर्ता पुरुष असून त्याला वाढत्या वयाची मुलगी आहे! मधले चार वेताळ केव्हा जन्मले, केव्हा लढले आणि केव्हा वारले? दुसरे असे की फॉकच्या मालिकेत १९७७ च्या त्या लग्नाला मँड्रेक आणि लोथार पाहुणे म्हणून हजर होते. तो एकविसाव्याचा मित्र. तोच मँड्रेक सत्ताविसाव्याच्या खांद्याला खांदा लावून लढतो म्हटले, तर त्याने सात पिढ्या पाहिल्या असे होईल. नियमांच्या कसोटीवरही हेच. 'डिफेंडर्स'मधला वेताळ मंत्रासारखे शब्द उच्चारून दहा वाघांचे बळ अंगात आणतो. फॉकच्या वेताळाला अशी सिद्धी नाही. निकाल उघड आहे. ही कथा स्वतंत्र चूल आहे.

'फँटम २०४०'ची गोष्ट निराळी. तिचा नायक चोविसावा. एकविसाव्याचा मुलगा १९७९ चा, त्यापुढे दोन पिढ्या, आणि साल २०४०. हिशेब ओढाताणीचा असला तरी अशक्य नाही. म्हणून हजेरीपटाच्या कसोटीवर ही कथा नापास होत नाही. पण मान्यतेचे काय? फॉक १९९९ मध्ये वारेपर्यंत मूळ मालिका लिहीत होता, आणि त्याचा वेताळ त्याच्या वर्तमानकाळात वावरत होता. ज्याचा नातू अजून जन्मायचा, त्याला पणतूच्या कथेने कसे बांधता येईल? तेव्हा मी म्हणेन, ही संभाव्य शाखा आहे. मुळाशी तिचे भांडण नाही, पण मुळावर तिचा हक्कही नाही. आणि एक गोष्ट मात्र निश्चित: २०१५ मध्ये सत्ताविसावा आणि २०४० मध्ये चोविसावा, हे दोन्ही एका घराण्यात बसणार नाहीत. मालकाने दोन्हींवर शिक्का मारला तरी शिक्क्याने वजाबाकी बदलत नाही.

कोणी म्हणेल, मालकाला ठरवू द्या. माल त्याचा आहे. अमेरिकेत हा प्रयोग झालेला आहे. डी.सी. कंपनीचा 'फ्लॅश' १९४० मध्ये एक होता, १९५६ मध्ये दुसराच आला. १९६१ मध्ये कंपनीने दोघांची गाठ घालून दिली आणि खुलासा केला की पृथ्वी दोन आहेत, जुना एकीवर राहतो आणि नवा दुसरीवर. पुढे पृथ्व्या इतक्या वाढल्या की १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही मालिका काढून त्यांची एकच पृथ्वी केली, आणि असंख्य जुन्या गोष्टी 'घडल्याच नाहीत' असे ठरले. आता पाहा, ज्या गोष्टी घडल्याच नाहीत, त्या कोणीतरी लिहिल्या होत्या, कोणीतरी रेखाटल्या होत्या आणि पोरांनी पैसे मोजून वाचल्या होत्या. हेही विसरू नका की 'सुपरमॅन' ज्यांनी निर्माण केला त्या सीगल आणि शुस्टर या दोन तरुणांकडून १९३८ मध्ये कंपनीने त्याचे सगळे हक्क १३० डॉलरांना घेतले. त्यांची नावे पुन्हा छापायला आणि त्यांना निवृत्तिवेतन द्यायला १९७५ साल उजाडावे लागले. तेव्हा मालकी कोणाची हे कोर्ट ठरवील. कथा काय सांगते हे वाचणाराने कथा वाचूनच ठरवले पाहिजे.

लेखकाचा शब्द तरी अखेरचा मानावा काय? तोही जपून. फॉकने स्वतः वेताळाचा देश आरंभी आशियाच्या बाजूला ठेवला होता; १९६०नंतर तो आफ्रिकेत गेला. म्हणजे मूळ मालिकेलाही सांधे आहेत. सांधा म्हणजे तुटणे नव्हे, एवढे समजले म्हणजे झाले.

मराठीतले एक उदाहरण घेतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा तो शाळकरी बनेश, तुम्हां सर्वांच्या ओळखीचा. भागवत २००१ मध्ये वारले. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी 'फास्टर फेणे' हा सिनेमा काढला. त्यात अमेय वाघ यांचा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि उतरतो कोणाकडे, तर दिलीप प्रभावळकर यांनी उभ्या केलेल्या भा. रा. भागवतांकडेच! जेथे लेखक स्वतः पात्र होऊन नायकाला घरात जागा देतो, ती कथा पुस्तकांच्या पुढची असूच शकत नाही. सिनेमाने ते लपवलेलेही नाही. त्याने मूळ लेखकाला आदराने घरात बसवले आणि आपली चूल वेगळी मांडली. मला ही रीत प्रामाणिक वाटते.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आपला मराठी वेताळ कोणत्या सातत्यातला? चित्रे तीच, कथानके तीच. पण इंद्रजालने काही नावे बदलली. मूळ देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते, म्हणून तो 'डेंकाली' झाला. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. वेताळाच्या बापाला मारणारा 'रामा' आपल्याकडे चालला नसता, म्हणून तो 'रामालू' झाला. सुरुवातीच्या अंकांत पाने थोडी, म्हणून कथा कापून बसवल्या गेल्या. चार कसोट्या लावा. पिढ्या जुळतात, नियम जुळतात, लग्न आणि मुलेही जुळतात. म्हणून घराणे फॉकचेच. पण डेंकाली हे ठिकाण फॉकच्या नकाशावर नाही. ते येथे घडवले गेले, येथल्या वाचकासाठी, येथल्या माणसांच्या हातून. त्याला 'चुकीचे भाषांतर' म्हणून बाजूला टाकणे म्हणजे त्या माणसांची सेवा नाकारणे होय.

आणि त्या माणसांचा एक पुरावा इंद्रजालमध्ये आहे. मालिका १९९० मध्ये बंद पडली, तेव्हा क्रमांक ८०५ पर्यंत गेले होते. परंतु अंक निघाले ८०३. क्रमांक १२३ आणि १२४ निघालेच नाहीत, कारण त्या वेळी टाइम्समध्ये संप होता. संग्राहक हे दोन अंक शोधत बसले तर त्यांना ते सापडायचे नाहीत. वेताळाच्या हकीगतीत त्यामुळे काही खंड पडला काय? नाही. तो १२२ मध्ये जसा होता तसाच १२५ मध्ये आहे. मी मघाशी ज्या कलम २५-बचा उल्लेख केला, त्यात एक वाक्य होते: आजारपण, रजा, अपघात, टाळेबंदी, किंवा बेकायदा नसलेला संप यांमुळे काम थांबले, तर सेवेचे सातत्य तुटत नाही. गिरणीतल्या माणसासाठी केलेला नियम वेताळालाही लागू पडला!

पण ती दोन रिकामी जागा माझ्या मनाला लागते ती दुसऱ्या कारणाने. खिळे जुळवणारे, यंत्रावर उभे राहणारे, कागद दुमडणारे, गठ्ठे बांधणारे, आणि डेंकाली मराठीत आणणारे. आठशे तीन अंकांत वेताळाचे नाव हजारो वेळा आले, पण ही माणसे कोठे दिसतात? ती दिसतात त्या दोन न निघालेल्या अंकांत. त्यांनी काम केले तेव्हा त्यांची नोंद झाली नाही. हात थांबवले तेव्हा झाली.

कवटीच्या गुहेत वेताळ काय करतो, आठवते ना? प्रत्येक मोहिमेनंतर तो दिवा लावून बसतो आणि मोठ्या बाडात घडले ते लिहून ठेवतो. पहिल्या वेताळापासूनची सारी बाडे तेथे रांगेने आहेत. एकवीस माणसांचे एक घराणे टिकले ते पोशाखामुळे नव्हे, त्या नोंदीमुळे टिकले.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या वाचनालयांकडे आहे. घराच्या माळ्यावर, जुन्या पेट्यांत मराठी इंद्रजालचे अंक अजून असतील. ते रद्दीत घालू नका. वाचनालयात आणून द्या. वाचनालयांनी त्यांची वेगळी नोंदवही करावी आणि तिच्यात तीन रकाने ठेवावेत: अंक कोणाच्या नावाने निघाला, त्यातली हकीगत कोणत्या मूळ हकीगतीशी जुळते आणि कोठे वेगळी होते, आणि अंकावर ज्यांची नावे छापली आहेत ते चित्रकार, भाषांतरकार, मुद्रक कोण. तिसरा रकाना पुष्कळदा कोरा राहील. तो कोरा ठेवावा, पण काढून टाकू नये. पुढे कोणाला एखादे नाव सापडले, तर ते लिहायला जागा असली पाहिजे.